तेलाच्या घाण्यापासून छापखान्यापर्यंत : बेने इस्रायल समाजाने आपला इतिहास कसा लिहिला

परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या स्मरणिकेत यहुदी लोकांच्या इतिहासलेखनावर लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी यहुदी माणूस पाहिलेलाही नसेल. ‘बनी इस्राईल’ हे नाव मात्र आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुराण शरीफातील सतराव्या सुरेला हे नावही आहे. त्याच नावाचा, मराठी बोलणारा आणि मराठी आडनावे लावणारा एक छोटासा समाज आपल्याच महाराष्ट्रात, कोकणपट्टीत, कित्येक शतके नांदत आला. त्याला ‘बेने इस्रायल’ म्हणतात. या समाजाजवळ एके काळी स्वतःविषयी लिहिलेली एक ओळही नव्हती. पुढे त्याने शाळा काढली, छापखान्याचा उपयोग केला आणि स्वतःचा इतिहास स्वतः लिहिला. हे का करावे लागले आणि कसे झाले, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. शिक्षणसंस्था चालविणाऱ्या आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांना त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे.

शनवार तेली

या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी : फार प्राचीन काळी पश्चिमेकडून येणारे एक गलबत चौलजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर खडकावर आपटून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावच्या किनाऱ्यावर पुरले. वाचले त्यांचा वंश म्हणजे बेने इस्रायल. त्यांचे धर्मग्रंथ, कागदपत्र, सारे काही समुद्राच्या पोटात गेले.

वाचलेली मंडळी गावोगाव पांगली. तेल गाळण्याचा धंदा त्यांनी धरला. गावाच्या नावावरून आडनाव घेण्याची कोकणची रीत त्यांनीही उचलली. किहीमचे किहीमकर झाले, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हते. ज्यांच्याजवळ स्वतःचे लिखाण नसते, त्यांची ओळख शेजारी ठरवितात, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

ग्रंथ गेले तरी आठवण गेली नव्हती. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. खवले असलेलाच मासा खाल्ला जाई. ईश्वर एक आहे हे सांगणारी ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना, अर्थ न कळता का होईना, प्रत्येक शुभ-अशुभ प्रसंगी म्हटली जाई. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, पण सण राहिले आणि त्यांना मराठी नावे मिळाली. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफळणीचा सण अशी ती नावे आहेत. दारफळणी म्हणजे दारे लावून घेऊन घरात उपास आणि प्रायश्चित्त करण्याचा दिवस.

आपल्या वाचकांचे कान टवकारतील अशी गोष्ट पुढेच आहे. हा समाज उपासाला ‘रोजा’ म्हणे. नव्या वर्षानंतरच्या उपासाला त्यांच्यात ‘नव्याचा रोजा’ म्हणत आणि एका महिन्याच्या उपासांना चक्क ‘रमजान’ असे नाव होते. धार्मिक बाबतींत निवाडा देणाऱ्याला ते ‘काझी’ म्हणत आणि प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत. नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ मांडून पैगंबर एलियाहूचे, म्हणजे आपण ज्यांना हजरत इलियास म्हणतो त्यांचे, स्मरण करीत. आजही करतात. शब्दसुद्धा दस्तऐवज असतात. कोणतेही दफ्तर नसताना या शब्दांनीच सांगून ठेवले आहे की हा समाज मराठी हिंदूंच्या आणि कोकणी मुसलमानांच्या शेजारी, त्यांच्याशी घेत-देत राहिला. युरोपात यहुद्यांना ज्या प्रकारचा छळ सोसावा लागला, तसा छळ येथे शेजाऱ्यांकडून झाल्याची आठवण या समाजाच्या परंपरेत नाही.

१७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल यांनी मुंबईत मांडवी भागात या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत अंमलदार होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. त्यांची जात विचारली असता त्यांनी ‘बेने इस्रायल’ असे सांगितले आणि टिपूच्या मातेने, कुराणात ज्यांचे नाव आहे ते हे लोक, असे म्हणून रदबदली केली व त्यांचे प्राण वाचले, अशी कथा त्या समाजात मोठ्या कृतज्ञतेने सांगतात. ही कथा आहे, तिला कागदाचा आधार मागू नये. पण कोणता समाज कोणती कथा जपून ठेवतो, यालाही इतिहासात किंमत असते. दिवेकरांची ती ‘जुनी मशीद’ अजून उभी आहे आणि मुंबईच्या मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव तिच्यावरूनच पडले असे मानले जाते.

लिहिणारे हात दुसऱ्यांचे

या समाजाचा लेखी उल्लेख प्रथम कोणी केला? त्यांनी स्वतः नव्हे. १७३८ मध्ये सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने ऐकीव माहितीवरून त्यांच्याविषयी लिहिले. १७६८ मध्ये कोचीनचे यहुदी व्यापारी इझिकेल राहबी यांनी हॉलंडला पाठविलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख केला. १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी त्यांच्याविषयी विस्ताराने लिहिले. पुढे १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात सरकारी नजरेने त्यांची नोंद झाली.

या लेखकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी लिहिले म्हणून आज पुष्कळ गोष्टी कळतात. परंतु प्रत्येकाचा हेतू निराळा होता. मिशनऱ्याला धर्मप्रसार हवा होता, व्यापाऱ्याला आपल्या दूरच्या धर्मबांधवांचा पत्ता हवा होता आणि सरकारला जातवार नोंद हवी होती. बेने इस्रायल माणसाला स्वतःविषयी काय वाटते, हे त्यांतील कोणाच्याही कागदात पूर्णपणे उतरले नाही.

याचे परिणाम लवकरच दिसले. मुंबईत बगदादकडून सधन यहुदी व्यापारी आले. आरंभी दोन्ही समाज एकाच ठिकाणी प्रार्थना करीत आणि एकाच कब्रस्तानात दफन करीत. पण १८३६ मध्ये काही बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की कब्रस्तानात मधोमध भिंत घालावी. हे काळेसावळे मराठी बोलणारे लोक अस्सल यहुदी आहेत कशावरून, असा त्यामागे संशय होता. वाचकहो, मेलेल्या माणसांमध्ये भिंत घालण्याचा प्रश्न उभा राहतो आणि आपण कोण आहोत हे दाखवायला हातात एक चिठोरेही नसते, ही अवस्था किती अवघड असेल याची कल्पना करावी.

अक्षरओळख

या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी शाळेत झाली. कोचीनहून धर्मशिक्षक आले. मिशनच्या शाळांत मुलगे आणि मुलीही जाऊ लागल्या. विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये या मुलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांना वाटले होते की शिकून ही मंडळी ख्रिस्ती होतील. घडले ते निराळेच. व्याकरण हाती येताच त्यांनी आपलेच विसरलेले ग्रंथ वाचावयास घेतले. धर्मांतर झालेले फारच थोडे.

मग भाषांतरांचे युग आले. वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी घरांत ‘हग्गादा’ नावाचे पुस्तक वाचतात. फिरऔनच्या गुलामीतून हजरत मूसांनी आपल्या लोकांना कसे सोडविले, याची ती कथा आहे. घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारावयाचा आणि वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यावयाचे, असा तिचा शिरस्ता आहे. म्हणजे इतिहास शिकविण्याची ती एक घरगुती शाळाच होय. हे पुस्तक मराठी अर्थासह १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापले गेले. १८७४ मध्ये पुण्यास निघालेल्या आवृत्तीत चित्रेही होती. त्यांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दाखविल्या आहेत. मिसर देशाची कथा, पण बायका आपल्या कोकणातल्या! इतिहास आपला वाटावयास लागला म्हणजे तो असा आपल्या वेषात येतो.

जोसेफ इझिकेल राजपूरकर हे मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे चाळीस वर्षे हेडमास्तर होते. त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची एकामागून एक मराठी भाषांतरे केली. ज्या बगदादी समाजातील काहींनी भिंत मागितली होती, त्याच समाजातील दात्याच्या शाळेत एका बेने इस्रायल विद्वानाने हिब्रू शिकवावे, हा काळाचा न्यायच म्हणावा लागेल. १८७७ मध्ये ‘सत्यप्रकाश’ हे नियतकालिक निघाले. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी हिंदू कीर्तनाची पद्धत घेऊन हजरत इब्राहिम, हजरत यूसुफ, हजरत मूसा यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने रचली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत इतिहास टाळ-पेटीच्या साथीने पोहोचला.

किहीमकरांचे काम

हे सारे काम ज्यांच्या हातून कळसाला गेले ते हाइम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८). १८७५ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईत ‘इस्रायलाइट स्कूल’ काढले. शाळा म्हटली की पैसा लागतो आणि पैसा मागावयाचा तर, आम्ही कोण, कोठून आलो आणि आमची गरज काय, हे देणाऱ्याला सांगावे लागते. १८९२ मध्ये किहीमकरांनी बेने इस्रायलांच्या इतिहासाची एक छोटी रूपरेषा छापली. तिला जोडूनच समाजाच्या शिक्षणासाठी मदतीचे आवाहन होते. इतिहास आणि शाळेची वर्गणी एकाच पुस्तिकेत! शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेच्या वाचकांना हे नाते समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे १८९७ मध्ये त्यांनी मोठा ग्रंथ इंग्रजीत लिहून पुरा केला. त्यात त्यांनी समाजातील वृद्धांकडून ऐकलेल्या कथा, सण, लग्नविधी, आडनावे आणि त्यांची गावे, फौजेतील अंमलदारांची कामगिरी, सारे संगतवार मांडले. आपले पूर्वज केव्हा आले असतील याचाही त्यांनी तर्क केला. यहुद्यांचा ‘हनुक्का’ हा सण इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील एका विजयाच्या स्मरणार्थ सुरू झाला. तो सण बेने इस्रायलांना पूर्वी ठाऊक नव्हता. तेव्हा त्या घटनेपूर्वी, सुमारे इ. स. पूर्व १७५ मध्ये, आपले लोक निघाले असावेत, असे त्यांनी अनुमान काढले. सर्वच संशोधकांना ते मान्य नाही, पण पद्धत पाहण्यासारखी आहे. जवळ कागद नाही तर रूढी तपासा, काय आहे आणि काय नाही याचा हिशेब करा, असा तो मार्ग आहे.

हा ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले. डॉ. इमॅन्युएल ओल्सव्हांगर १९३६ मध्ये हिंदुस्थानात आले होते. त्यांच्या प्रयत्नाने अखेर १९३७ मध्ये तेल अवीव येथे तो प्रसिद्ध झाला. घरच्या मंडळींनी ते बाड जपले नसते तर एका समाजाची अर्धी स्मृती वाळवीच्या तोंडी गेली असती.

किहीमकरांची शाळा वाढली. पुढे तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. रिबेका रूबेन या विदुषी १९२२ ते १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनीही समाजाचे वार्षिक अंक संपादित केले, म्हणजे एका अर्थी आपल्या या स्मरणिकेचीच बहीण. आज माझगावच्या त्या शाळेत मुसलमान मुले मोठ्या संख्येने शिकतात. बेने इस्रायलांनी लावलेल्या झाडाची सावली आज आपल्या मुलांना मिळते आहे.

जगातील यहुदी आणि त्यांचे लेखन

यहुदी धर्मात ‘आठवण ठेव’ ही वारंवार येणारी आज्ञा आहे. तरी इतिहास लिहिण्याची परंपरा त्यांच्यातही अखंड नव्हती. पहिल्या शतकात जोसेफसने रोमनांशी झालेल्या युद्धाचा वृत्तान्त लिहिला. त्यानंतर शतकानुशतके त्यांनी प्रार्थना, उपास आणि सण यांतच इतिहास साठविला. योसेफ हाइम येरुशाल्मी या इतिहासकाराने १९८२ मध्ये ‘झाखोर’ या पुस्तकात हेच दाखविले की स्मरण आणि इतिहासलेखन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १४९२ मध्ये स्पेनमधून हकालपट्टी झाली तेव्हा त्यांच्या विद्वानांनी पुन्हा लेखणी उचलली. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख ग्रेट्झ यांनी अकरा खंडांचा इतिहास लिहिला. १८९१ मध्ये सायमन डुबनोव्ह यांनी रशियातील सामान्य यहुद्यांना हाक दिली की आपापल्या गावचे जुने कागद शोधा, उतरवून घ्या, नष्ट होऊ देऊ नका. वॉर्सात नाझींनी यहुद्यांना कोंडून घातले तेव्हा इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सोबत्यांनी रोजच्या घडामोडी, पत्रे, पासांचे तुकडे गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या बरण्यांत पुरून ठेवले. त्यांतील बहुतेकजण मारले गेले. १९४६ आणि १९५० मध्ये त्या पेट्या-बरण्या सापडल्या. युद्धानंतर वाचलेल्यांनी आपापल्या नष्ट झालेल्या गावांवर शेकडो पुस्तके लिहिली. एकेका गावाचे एकेक पुस्तक!

आणखी एक उदाहरण आपल्याला जवळचे आहे. अल्लाहचे नाव लिहिलेला कागद आपण पायदळी पडू देत नाही. यहुदीही तसेच मानतात. कैरो शहरातील एका जुन्या सिनेगॉगमध्ये असे निरुपयोगी कागद शतकानुशतके एका खोलीत टाकले जात. १८९६–९७ मध्ये सॉलोमन शेक्टर यांनी त्यांतील प्रचंड साठा केंब्रिजला नेला. त्यांत हिशेब, करार, लग्नाचे कागद आणि व्यापाऱ्यांची पत्रे निघाली. पुष्कळांची भाषा अरबी आणि लिपी हिब्रू होती. बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहाम बेन यिजू या यहुद्याची पत्रेही त्यांत मिळाली. कागदाचा आदर राखला म्हणून आठशे वर्षांपूर्वीचा बाजार आज बोलतो.

कसोटीचा प्रसंग

१९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य लोक हळूहळू इस्रायल देशात गेले. तेथे त्यांच्यापुढे १८३६ चाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. १९६०-६२ च्या सुमारास तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांना अडचण घातली. मातेकडील पिढ्या जमेल तितक्या मागे जाऊन तपासाव्यात, असे आदेश निघाले. ज्यांच्या पूर्वजांचे कागद समुद्रात बुडाले त्यांनी पिढ्यांचा पुरावा कोठून द्यावा? लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील लोकसभेने जाहीर केले की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत आणि धर्मपीठाला आदेश बदलावा लागला.

२०१६ मध्ये त्यांच्या रक्ताचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम आशियातील यहुद्यांचा आणि भारतीयांचा असे दोन्ही अंश ठळकपणे आढळले. हा संगम सुमारे एकोणीस ते तेहेतीस पिढ्यांपूर्वी झाला असावा, असा अंदाज निघाला. म्हणजे परंपरेचा गाभा खरा ठरला, पण गलबत फुटल्याची सनावली त्यातून सिद्ध झाली नाही. चौदा जणांची समुद्रातून आलेली कथा चित्पावनांच्या उत्पत्तीविषयीही सांगितली जाते, हेही अभ्यासकांनी नमूद केले आहे. परंपरेचा मान ठेवावा आणि पुराव्याची कसोटीही सोडू नये. दोहोंत वैर नाही. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, हेही येथे अभिमानाने सांगितले पाहिजे.

आपल्यासाठी

आता आपल्याकडे वळू. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुने सरकारी कागद उर्दूत आहेत, त्याआधीचे फारसीत, महसुलाचे आणि घरगुती कित्येक मोडीत. ते आज घरोघर ट्रंकांत, माळ्यावर, दर्ग्याच्या कपाटात पडून आहेत. वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. नातवाला मराठी येते, इंग्रजी येते, पण आजोबांची सनद त्याला वाचता येत नाही. आपला समाज कोणता धंदा करीत होता, मदरसा कोणी काढला, दुष्काळात कोणी कोणाला धान्य दिले, शेजारच्या वाड्याशी संबंध कसे होते, हे आपण लिहिले नाही तर दुसरा कोणी लिहील, आणि तो त्याच्या हेतूने लिहील.

यासाठी मोठा विद्वान लागत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी एकेका बुजुर्गाजवळ बसून वहीत उतरून घ्यावे. कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी, हे त्याखाली लिहावे. ऐकीव ते ऐकीव म्हणून आणि कागदावरचे ते कागदावरचे म्हणून निराळे ठेवावे. आपल्या चुका आणि भांडणेही गाळू नयेत, कारण नुसत्या स्तुतीवर उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही. मोडी आणि उर्दू वाचणारे जे थोडे हयात आहेत त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे. जुन्या कागदांची छायाचित्रे आता कोणालाही काढता येतात. तीही काढून ठेवावीत.

किहीमकरांचे हस्तलिखित चाळीस वर्षे थांबले, तरी ते लिहिलेले होते म्हणून थांबू शकले. न लिहिलेली गोष्ट माणसाबरोबर कबरीत जाते. आपल्या गावातील नव्वदीचे बुजुर्ग आज बोलते आहेत, तोवर ही वही सुरू व्हावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.